फाटकावरचा जळाईवाला

जात्र्या पावरा या माणसावर अन्याय झाला. दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आधीच्या सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास झाला. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर, त्याच्या स्वतःच्या ओसरीत, त्याच्याच खाटेवर बसून, निळ्या शाईच्या पेनाने झाला. पेन माझं होतं.

मी पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते सांगायचं, दुसरीत कधी, आणि शेवटी मागणी करायची, हे मला शिबिरात शिकवलं. आजवर अन्याय करणारा कोणीतरी दुसरा असायचा. ठेकेदार, कारखानदार, खातं. त्यांच्याबद्दल लिहायला मला अर्धा तास पुरायचा. हे लिहायला दोन वर्षं लागली.

जात्र्यादादा वीटभट्टीवर जळाईवाला होता. हे काम बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. तापीच्या काठाने, गुजरातच्या हद्दीपलीकडे, कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या आहेत. दिवाळी झाली की आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसं गाड्या भरभरून तिकडे जातात. होळीला काहीही करून चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बहुतेक जण माती मळतात, विटा पाडतात, वाहतात. जळाईवाले मोजकेच. भट्टीत विटांचे थर रचून वर राख-माती पसरलेली असते आणि त्यात ओळीने भोकं असतात. त्यांवर लोखंडी झाकणं. जळाईवाला त्या तापलेल्या छपरावर उभा राहून एकेक झाकण उचलतो, आत पाहतो आणि लांब दांड्याच्या पळीने कोळसा सोडतो. किती सोडायचा, कुठे, कधी, हे सांगणारं कुठलंही यंत्र तिथे नसतं. तो असतो.

मी ज्यांच्यासाठी पत्रकं लिहिते त्या आमच्या पर्यावरण मंचाची मागणी होती की या भट्ट्यांचा कोळसा बंद करा आणि त्यावर जगणाऱ्या मजुरांसाठी दुसऱ्या कामाचा आराखडा करा. मागणी बरोबर होती, हे आजही म्हणते. तिथल्या धुराने मुलांची छाती कशी वाजते ते मी ऐकलेलं आहे. त्या वर्षी जानेवारीत मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन एका भट्टीवर गेले आणि पहिल्याच माणसाला पत्रक द्यायला थेट छपरावर चढले.

"ताई, थांब," वरून आवाज आला. "तुझी चप्पल रडायला लागली."

खाली पाहिलं तर रबराचा तळ मऊ होऊन राखेला चिकटत होता. तोवर तो माणूस आलाच. किडकिडीत, पन्नाशीचा, भुवया अर्ध्या जळालेल्या. त्याने मला कोपऱ्यातल्या विटेवर उभं केलं आणि लाकडी तळाच्या, टायरच्या पट्ट्याच्या खडावा आणून समोर ठेवल्या. जळाईवाले त्याच घालतात.

"हे घाल. मोठे आहेत. पाय उचलून चाल, ओढत नको. ओढलं की राख उडते, राख उडली की गरमी बाहेर जाते."

मी "तुमचं नाव काय" म्हणाले, तर त्याने मागे वळून पाहिलं.

"अजून कोण आलं?"

पावरी बोलणारी माणसं सगळ्यांना तूच म्हणतात. मालकाला तू, मुकादमाला तू, एकदा पाड्यावर आलेल्या प्रांताधिकाऱ्यालाही जात्र्यादादाने "तू बस, पाणी पी" म्हटलं होतं. माझं तुम्ही ऐकून तो दर वेळी मागे बघायचा. दुसऱ्या भेटीपासून मीही तू म्हणायला लागले. म्हणून इथेही त्याला 'तो' लिहिते. यात कमीपणा वाटत असेल तर तो तुमच्या मराठीचा प्रश्न आहे.

त्याला एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात आली की बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचा आणि कान द्यायचा. भाजलेली वीट खणखणते, कच्ची बद्द वाजते. तीच परीक्षा तो सगळ्या जगाला लावायचा. मडकं, टरबूज, जीपचं दार. माझं हेल्मेट त्याने वाजवून पाहिलं आणि "चालेल" म्हणाला. मग पत्रकांच्या गठ्ठ्यावर टकटक केली, कान लावला आणि गठ्ठा मला परत दिला.

"कच्चं आहे."

"वाचलं कुठे तू अजून?"

"मला वाचता येत नाही. पण वाजत नाही ना."

बाजूचा मुकादम हसला. मला राग आला. जात्र्यादादाने ते पाहिलं असावं, कारण मग त्याने मला एक झाकण उचलून आत दाखवलं. एरवी तो कोणाला दाखवत नसे, हे मला नंतर कळलं.

"पळसाच्या फुलासारखी लाल दिसली तर भुकेली. पिकल्या पपईसारखी दिसली तर बराबर. मोहाच्या फुलासारखी पांढुरकी झाली तर विटा वितळतात, एकमेकांना चिकटतात, मालक रडतो."

"ही कशी आहे?"

"तू सांग."

मी म्हणाले, पपई. तो म्हणाला, हो, पण त्या अंगाला पळस होणार आहे, अर्ध्या तासात. वारा फिरला. मला कुठलाही वारा फिरल्याचं जाणवलं नव्हतं. त्याने तिकडच्या तीन झाकणांमधून पळीभर, पळीभर, अर्धी पळी असा कोळसा सोडला आणि माझ्याशी बोलत राहिला. अर्ध्या तासाने शेजारच्या भट्टीवर आरडाओरडा सुरू झाला. त्यांची आग एका बाजूला बसली होती. यांची चालू होती.

त्याच्या भट्टीला इतरांपेक्षा कोळसा कमी लागतो हे मुकादमानेच मला सांगितलं, कुरकुरत. "याला माल दिला तर नखरे. ओला कोळसा आणला तर हात नाही लावत. मागच्या साली आख्खी गाडी परत पाठवली याने. मालक इथं उभा, आणि हा म्हणतो, तू टाक, मी खाली बसतो."

मी उत्साहाने म्हणाले, "दादा, म्हणजे तू तर या कामातला उस्ताद आहेस."

त्याने झाकण पटकन बंद केलं.

"इथं नको बोलू, ताई. आगीसमोर स्वतःची बढाई मारायची नाही. दुसऱ्याने मारली तरी ऐकायची नाही. माझ्या बापाने सांगितलं. आग ऐकते. मग रुसते." आणि जरा वेळाने, "एकाने मारली होती. दुसऱ्या दिवशी त्याची आग बसली, आठ दिवस उठली नाही."

हे मी वहीत लिहून घेतलं. लोकजीवन म्हणून. रंगांचं सगळं लिहून घेतलं, अर्ध्या पळीचंही लिहून घेतलं. वही माझ्याकडे आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

होळीच्या आठवड्यात आमचं सर्वेक्षण होतं. सरकारकडे आराखडा द्यायचा तर कोळशावर जगणाऱ्यांची यादी हवी होती, आणि यादी करायची तर माणसं घरी हवीत. ती होळीलाच सापडतात. त्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरलेले असतात. सगळ्यांना बाजाराला जायचं होतं, नवे कपडे, ढोल, गूळ-डाळ्या. आम्ही अर्ज घेऊन घरोघर फिरत होतो. मला त्या दिवशी अजून सात घरं करायची होती आणि धडगावहून खाली येणारी जीप चुकवायची नव्हती.

ओसरीत चूल पेटलेली होती. ठुमली, म्हणजे जात्र्यादादाची बायको, भाकरी थापत होती. ठुमलीचं माहेर मणिबेलीच्या बाजूचं, नर्मदेच्या काठचं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती लहान होती. ती माझ्याशी कधीच गोड बोलली नाही आणि ते बरोबरच होतं.

"आता काय घ्यायला आली?" तिने विचारलं.

"घ्यायला नाही आले, भाभी. कोळसा बंद होईल तेव्हा दादाला दुसरं काम मिळावं म्हणून."

"वीज करायची म्हणून माझ्या बापाचं घर नेलं. आता हवा चांगली करायची म्हणून नवऱ्याचं काम नेणार. वीज आली नाही, तुझी हवा येते कधी? दर वेळी काही तरी घेऊन जाते फक्त."

जात्र्यादादा हसला. "तिला लिही तुझ्या कागदात," म्हणाला.

मी अर्ज भरायला लागले. नाव, वय, घरातली माणसं. मग रकाना आला: कामाचे स्वरूप. त्याखाली तीन चौकटी. कुशल, अर्धकुशल, अकुशल. मी विचारलं, "दादा, तुला काय काय काम येतं?"

त्याने चुलीकडे पाहिलं. चूल आमच्यापासून दोन हातांवर होती, चांगली पेटलेली.

"मला काय येतं?" तो म्हणाला. "कोळसा टाकतो."

मला माहीत होतं तो असं का म्हणाला. जानेवारीत त्यानेच सांगितलं होतं. त्याला अंगणात नेऊन पुन्हा विचारलं असतं तरी पुरलं असतं. किंवा न विचारताच लिहिता आलं असतं, कारण मी स्वतः पाहिलं होतं. पण 'कुशल'च्या चौकटीपुढे प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला होता. तो रिकामा राहिला की अर्ज परत येतो, परत आला की पुन्हा वर चढा. आणि दुसरं कारण, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं: आमच्या पत्रकाला अकुशल माणसं हवी होती. 'हजारो कुशल कारागीर' लिहिलं तर कोणाला कळवळा येतो? 'अकुशल, असहाय मजूर' लिहिलं की बातमी होते. मी तिसऱ्या चौकटीत बरोबरची खूण केली. त्याने अंगठा दिला. ठुमलीने मला भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा दिला. मी तो खाल्ला आणि पुढच्या घरी गेले. जीप मिळाली.

पत्रक निघालं तेव्हा त्यावर मोठा फोटो होता. जात्र्यादादाचे हात. मीच भट्टीवर काढलेला. काळे, भेगाळलेले, पळीच्या दांड्यावर. मी ते पत्रक कौतुकाने त्याला द्यायला गेले. त्याने बराच वेळ पाहिलं.

"हे माझे हात," तो म्हणाला. "तोंड कुठे आहे?"

"हातच महत्त्वाचे ना, दादा."

"आग बघतो ते डोळे तोंडावर आहेत ना? हात तर कोणाचेही काळे होतात."

ठुमलीने विचारलं, हातांखाली काय लिहिलं आहे. मी वाचून दाखवलं: "कोळशाने काळे झालेले हे हात न्याय मागत आहेत." छापलेलं होतं 'हे अकुशल हात'. तो एक शब्द मी वाचताना गाळला. तेव्हा मला कळलं होतं, मी काय केलं आहे. माणूस चुकून गाळत नाही असा शब्द.

मोहीम यशस्वी झाली. पुढच्या हंगामाआधी त्या पट्ट्यातल्या बऱ्याच भट्ट्यांचा कोळसा थांबला, काही कायमच्या बंद पडल्या. आम्ही शहाद्याला पेढे वाटले. मीही वाटले. आणि आमच्या आराखड्यातून एक खरंखुरं काम उभं राहिलं, माझ्याच म्हसावदच्या शिवारात: मिरची वाळवण्याचं केंद्र. उघड्या मैदानावरच्या पथारीत पसरून वाळणारी मिरची अवकाळी पावसात सडते. इथे शेडमध्ये गरम हवेवर वाळवायची, आणि ती हवा तापवायला कोळसा वापरायचा नाही, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, दाबून केलेल्या कांड्या वापरायच्या. शेतकरी एरवी पऱ्हाटी बांधावर जाळतात. कल्पना उत्तम आहे. मी अजूनही सभांमध्ये तिचं उदाहरण देते.

कामं वाटायची होती भट्टीवरून आलेल्या माणसांना. जात्र्यादादा ठुमलीला घेऊन दोन जीपा बदलून आला. खडावा पिशवीत घालून आणल्या होत्या. शेडमधल्या भट्टीभोवती एक चक्कर मारली, लोखंडी दारावर टकटक केली, कान दिला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, "चांगलं वाजतं." त्याचे डोळे त्या दारावरून हलत नव्हते.

मग कार्यालयाच्या माणसाने यादी वाचली. भट्टीसमोरच्या दोन जागा आयटीआय झालेल्यांना. पॅकिंगला बायका. "जात्र्या पावरा. अकुशल. फाटक."

जात्र्यादादाने विचारलं, "ते मधलं काय बोलला तू?"

"अकुशल. म्हणजे ज्याला खास असं काही काम येत नाही तो." तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर कागद होता, त्याने वाचला.

"कोणी लिहिलं?"

त्याने कागद फिरवून सही दाखवली. जात्र्यादादाला वाचता येत नाही, पण माझी सही त्याने माझ्या पत्रकांखाली शंभरदा पाहिली होती. शेपटी लांब असते तिची. तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. त्याला खरंच माहिती हवी होती, एवढंच.

"तू पाहिलं होतं ना, ताई?"

मी म्हणाले, "मी बघते काय करता येईल ते."

हे वाक्य मी आयुष्यभर सरकारी माणसांच्या तोंडून ऐकत आले आणि त्यावर तीन पत्रकं लिहिली आहेत.

बघितलं मी. केंद्राच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, सोपं आहे. लेखी द्या की हा अर्ज तुम्ही चुकीचा भरला. आम्ही त्याची प्रत्यक्ष चाचणी घेऊ, जमलं तर भट्टीवर घेऊ." मी मंचात येऊन सांगितलं. आमच्या समन्वयकांनी चष्मा काढला. "एक अर्ज चुकीचा म्हणून लेखी दिलंस की सगळं सर्वेक्षण चुकीचं म्हणायला विरोधक मोकळे. आराखडा पडेल. शेकडो कुटुंबांचा प्रश्न आहे. एका माणसासाठी?" मला हे पटलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अर्ज तसाच राहिला.

आणि तो फाटकावर बसला. खाकी शर्ट, शिट्टी, काठी. खडावा खुर्चीखाली ठेवायचा. आमचं घर केंद्रापासून जवळ, तर माझी आई त्याला चहा द्यायला जायची. आई अहिराणीत बोलायची, तो पावरी-गुजराती मिसळलेल्या मराठीत, आणि दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमायचं. एकदा तिने त्याला गरम भाकरी दिली. त्याने आधी तिच्यावर टकटक केली.

"ही बराबर आहे," तो म्हणाला. "तव्यावरून वेळेवर उतरवली."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "देख, या दादाले समजस. मन्ही पोरगी आगवर पत्रकं लिखस, पन तिनी भाकर आजूनबी कच्ची ऱ्हास."

तो हसला नाही. माझ्याबद्दलचे विनोद त्याने बंद केले होते. तो मला अजून ताईच म्हणायचा, पाणी विचारायचा, सगळं पूर्वीसारखंच. फक्त आता मला काही दाखवायचा नाही.

मिरची जळाली तो दिवस फेब्रुवारीतला. दुपारचे तीन वाजले असतील. मी फाटकाशी आईचा डबा घेऊन उभी होते. जात्र्यादादा धुरांड्याकडे पाहत होता.

"मोह झाली," तो स्वतःशीच म्हणाला.

मला कळलं. आग पांढुरकी झाली होती. इतक्या लांबून, धुराच्या नुसत्या रंगावरून त्याने ओळखलं होतं.

"मग आत जाऊन सांग ना, दादा."

"मी फाटकावर आहे. फाटक सोडायचं नाही, साहेबाने सांगितलं आहे." आणि मग, "एकदा सांगायला गेलो होतो. तो भट्टीवरचा पोरगा चांगला आहे, ऐकलं असतं त्याने. साहेब बोलला, जात्र्या, तू तुझं काम कर."

"मी जाते."

"काय सांगशील?"

दार किती उघडायचं, कांड्या ओढायच्या की राख टाकायची, मला काही माहीत नव्हतं. त्याने मला ते सांगितलं. हवेचं खालचं दार दोन बोटं बंद कर, वरचं उघडं ठेव, पुढच्या दोन टोपल्या टाकू नको. मी पळत गेले. साहेबांनी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" आणि मी, कारण अर्जावर तो अकुशल होता आणि ती सही माझी होती, म्हणाले, "मी वाचलं आहे कुठे तरी."

साहेब म्हणाले, "मॅडम, पत्रकं वेगळी आणि भट्टी वेगळी."

वीस मिनिटांनी मिरची करपायला लागली. ज्याने मिरचीचा धूर कधी घेतलेला नाही त्याला सांगून उपयोग नाही. बायका पदर तोंडाला लावून शेडमधून धावत बाहेर पडल्या, साहेब गाडीच्या आडोशाला खोकत बसले, गावातली कुत्रीसुद्धा शिंकत होती. आमच्या घरापर्यंत धूर आला. आई लांबून ओरडत होती, "कोनी जाळी रे मिरची, कोन शे तो?" सगळा माल काळा पडला. शेतकऱ्यांचा माल होता तो. नुकसान त्यांचं झालं.

जात्र्यादादाने त्याच्या हातात होतं तेवढं केलं. दोन्ही फाटकं सताड उघडली, बायकांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन बसवलं आणि त्यांना टाकीतलं पाणी दिलं. डोळे पुसत परत खुर्चीवर येऊन बसला. मी त्याच्याजवळ गेले. मला माफी मागायची होती. मला वाटतं त्याला ते दिसलं आणि नको होतं.

"त्यांनी ऐकलं नाही," मी म्हणाले.

"माझं नाव सांगितलं?"

मी आईचा डबा त्याच्या खुर्चीखाली, खडावांशेजारी ठेवला.

त्याने खुर्चीच्या लोखंडी हातावर बोटाच्या पेराने टकटक केली. एकदाच. कान दिला नाही.

त्यानंतर मी लेखी दिलं. एवढं सगळं झाल्यावर, त्या माणसाला आणि त्या शेतकऱ्यांना फटका बसल्यावर दिलं. 'सदर अर्ज मी भरला. श्री. जात्र्या पावरा हे आगीच्या कामात अत्यंत कुशल आहेत हे मी भट्टीवर स्वतः पाहिलेले असूनही मी अकुशल अशी नोंद केली.' मंचाने मला सर्वेक्षणाच्या कामातून काढलं. ते ठीक आहे. केंद्राने कागद घेतला, पोच दिली आणि सांगितलं की यादी मंजूर झालेली आहे, बदल वरून व्हावा लागेल, समितीची बैठक लागली की बघू. बैठक अजून लागलेली नाही. मी पोच घेऊन ठुमलीकडे गेले आणि पहिल्यांदा पूर्ण कागद वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. शेवटी ती म्हणाली, "हे तेव्हा लिहायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणाले, एवढाच.

या वर्षीच्या होळीला तो पाड्यावर गेला नाही. फाटकावर दुसरा माणूस मिळाला नाही म्हणून सुटी मिळाली नाही. वीटभट्टीच्या मालकानेसुद्धा कधी होळीची सुटी नाकारली नव्हती. होळीच्या सकाळी मी तिकडून गेले तर तो खुर्चीत सरळ बसलेला, खाकी शर्टाचं वरचं बटण लावलेलं, पाय जमिनीपासून इंचभर उचललेले. थंड सिमेंटवर. पंचवीस वर्षांची सवय. भट्टीकडे त्याची पाठ होती, आणि तरी मान किंचित कलती ठेवून तो आतलं ऐकत होता. मी हात केला. त्याने काठीने हात केला आणि पुन्हा ऐकायला लागला.

आता मागणी.

शहाद्याहून म्हसावदकडे येताना गाव लागायच्या आधी उजव्या हाताला निळ्या पत्र्याची शेड आहे, बाहेर मिरचीचा वास येतो. तुम्ही मिरची घ्यायला या, केंद्र बघायला या, स्वच्छ ऊर्जेचा प्रकल्प म्हणून अभ्यासाला या. हल्ली पुष्कळ लोक येतात आणि फाटकावरच्या माणसाला वहीत नाव लिहायला पेन मागतात. पेन मागू नका. त्याला खुर्चीतून उठवा, शेडपासून चार पावलं लांब न्या, म्हणजे आग ऐकणार नाही, आणि विचारा: आत्ता आग कशी आहे? तो सांगेल. मग आत जा आणि साहेबांना ते जसंच्या तसं सांगा. कोणी सांगितलं असं ते विचारतील. तेव्हा म्हणा, जात्र्या पावराने.

नाव गाळू नका.